वाचून न दाखवलेलं पान

वच्छलाताई,

तुमच्याबद्दल चार शब्द लिहून दे, असं मला तिघांनी सांगितलं आणि तिघांनाही मी हो म्हणून बसले. आपल्या गावात काही लिहायचं निघालं की ते माझ्याकडे येतं. ही सवय तुम्हीच लावलेली. तुमचं माहेर, सासर, पाळणाघर कधी सुरू झालं, ही सगळी माहिती तुमच्या फोटोखाली छापून झाली. तीही मीच लिहिली. त्यात एक चूक नाही. फक्त तुम्ही त्यात कुठे दिसत नाही.

मला बोलायचं आहे ते वेगळंच. इंदूनं तुमच्याशी बोलणं टाकलं ते तुमच्यामुळे नव्हे, माझ्यामुळे. बारा वर्षं हे एवढंसं वाक्य माझ्याजवळ राहिलं. तुमच्या अंगणात, वर्ध्याच्या बसमध्ये, दवाखान्यात, ते सांगायला किती वेळा तुम्ही आणि मी दोघीच होतो. आता सांगते आहे. आता त्याचा तुम्हाला काय उपयोग, हे विचारायलाही तुम्ही नाही.

पहिल्यांदा तुम्ही मला पाहिलंत ते आमच्या किराणा दुकानात. लग्न होऊन मला वर्ष झालं होतं. बी.ए. झालेली सून दुकानात पुड्या बांधते याचं सासऱ्यांना कौतुक होतं आणि मला त्याची लाज वाटायची. पुड्यांसाठी आणलेल्या रद्दीतला एक कागद मी वाचत होते. तुम्ही चहापत्ती मागितली, मला ऐकू आलं नाही.

"पुडीचा पेपर वाचून राह्यली काय वं?" तुम्ही विचारलंत. "मंग इकडं ये. माह्या घरी एक कागद हाये, कोनाले समजून नाई राह्यला."

तो कागद म्हणजे एका निधीच्या अर्जाचा नमुना होता. वर्ध्यातले काही व्यापारी, डॉक्टर, इथून मोठ्या शहरात गेलेली काही माणसं यांनी वर्गणी एकत्र करून जिल्ह्यातल्या छोट्या संस्थांना मदत द्यायची ठरवली होती. तुमच्या घरामागचा रिकामा गोठा सारवून तुम्ही निंदणाच्या आणि कापूसवेचणीच्या दिवसांत मजूर बायांची लेकरं सांभाळत होता. एकानं संस्था नोंदवून दिली, दुसऱ्यानं हा नमुना आणून दिला. सहा पानं. 'अपेक्षित परिणाम', 'कार्याचे वेगळेपण', 'संस्थेची बलस्थाने'. तुम्ही सातवी शिकलेल्या. अक्षरं वाचता येत होती, पण ती कुणाची भाषा आहे हे तुम्हाला कळेना. मलाही कळेना. आपण दोघी ओसरीवर बसून त्या सहा पानांकडे पाहत राहिलो.

त्या दिवसापासून तुम्ही मला 'सूनबाई' म्हणू लागलात, जणू मी गावाची नव्हे, त्या गोठ्याचीच सून. सासूबाई पहिल्यांदा फणफणल्या. तुम्ही त्यांना म्हणालात, "तुमची सून तुमच्याच घरी राह्यते बाई. तिचं अक्षर फक्त माह्याकडे येते."

अर्ज लिहिण्याची तुमची एक रीत होती. मी पुष्कळ संस्थांचे अर्ज पुढे पाहिले, ती रीत मला दुसरीकडे कुठे दिसली नाही. कागद पोस्टात टाकण्याआधी तो ज्यांच्याबद्दल आहे त्यांना वाचून दाखवायचा. वेचणीहून बाया लेकरं न्यायला येत, तेव्हा त्यांना पाच-दहा मिनिटं बसवून मी वाचायचं. ज्या वाक्याला कुणी मान हलवणार नाही, ते वाक्य खोडायचं.

मला ही रीत आवडत नव्हती. मी मेहनतीनं लिहायचे आणि नेमकी माझी आवडती वाक्यं जायची. पहिल्याच अर्जात मी 'असहाय मजूर स्त्रिया' असं लिहिलं होतं. पार्बताआजी डोक्यावरचं ओझं खाली ठेवून ऐकत होत्या.

"असहाय म्हंजे काय वं?"

"जिला कुणाचा आधार नाही, ती."

"मंग माह्ये तीन जावई काय मेले?"

बाया हसून लोळल्या. तुम्ही हसत नव्हता. "खोड," म्हणालात. पुढे 'अज्ञानाच्या अंधारात' आलं, तेव्हा आजींनी आकाशाकडे हात केला. "अंधाराचं लाइटवाल्याले लिवा ना. खंबा गाडून गेला, तार जोडाले येऊन नाई राह्यला." तेही गेलं. अर्ज संपला तेव्हा त्यात लेकरांची संख्या, गोठ्याची लांबी-रुंदी, डाळ-तांदूळ आणि दोन बायांचं मानधन एवढंच उरलं होतं. सगळं खरं होतं. निधीचं उत्तर आलं की प्रस्तावावरून गरजेची तीव्रता पुरेशी स्पष्ट होत नाही.

"बरोबर लिवलं त्याहिनं," तुम्ही पत्र घडी करून म्हणालात. "पुढल्या वर्षी आजून बरोबर लिवू."

मी म्हटलं, "ताई, खरं लिहून कुणी देत नाही."

"नाई देत तं नाई देत. पन कोनी इथं आलं अन पार्बतानं त्याले इचारलं, का बाप्पा, मी असहाय हाये काय, तं तू कुठं पाह्यशीन?"

आपला हा वाद पुढे कधीच संपला नाही. तुम्ही आजारी पडायच्या आधीच्या पोळ्यापर्यंत तो चालू होता. मला तो जिंकायचा होता, एवढंच आता लक्षात येतं.

इंदूचं मला तुम्हीच सांगितलंत. ती नुकतीच पाळणाघरात कामाला लागली होती. बोलायची कमी, पण कुठलंही रडतं लेकरू तिच्या खांद्यावर गप्प व्हायचं. तुम्ही मला एकदा मागच्या अंगणात नेलंत आणि हलक्या आवाजात सांगितलंत की निंदणाला गेली असताना इंदूनं नऊ महिन्यांची मुलगी शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच्या पळसाखाली ठेवली होती. शेजारच्या वावरात फवारणी झालेली. औषधाच्या डब्याचं झाकण तिथं पडलेलं. मुलगी रांगत गेली आणि तिनं ते तोंडात घातलं. दवाखान्याच्या वाटेवर ती गेली. इंदूनं तिचं तोंड पदरानं पुसलं आणि घरी सांगितलं की झटके आले. खरं तिनं एकट्या तुम्हाला सांगितलं होतं.

"हे कागदावर नको," तुम्ही म्हणालात. "आपून हे काऊन करून राह्यलो ते तुले समजावं, म्हनून सांगतलं."

मला समजलं. आणि दुसऱ्या वर्षी नमुन्यात एक नवा प्रश्न आला: आपल्या कामाची गरज दाखवणारा एक प्रत्यक्ष अनुभव लिहा.

मी लिहिला. नाव घातलं नाही. 'आमच्या गावातील एक मजूर स्त्री' असं लिहिलं. ते पान मी चार वेळा पुन्हा लिहिलं आणि शेवटी मला ते फार चांगलं वाटलं. हे सांगायला कठीण जातं, पण कठीण तेच राहिलं आहे. मी ते फक्त पाळणाघराला मदत मिळावी म्हणून लिहिलं नाही. आपण किती चांगलं लिहू शकतो हे दुकानाच्या बाहेर कुणीतरी वाचावं, म्हणूनही लिहिलं.

वाचनाच्या दिवशी इंदू समोरच होती, मांडीवरच्या लेकराला वरण-भात भरवत. तिसरं पान संपलं आणि मी दोन पानं एकदम उलटली. चौथं पान माझ्या बोटांत दुमडून राहिलं. पाचव्याचं पहिलं वाक्य मी तसंच पुढे वाचलं. तुम्ही मान हलवलीत. पार्बताआजी म्हणाल्या, "या बारीनं बरं लिवलं, काई खोडाले नाई." तुम्ही सही केलीत, सहा ठिकाणी, प्रत्येक वेळी पेन कागदावर टेकवून क्षणभर थांबत. सही करायच्या आधी तुम्ही पानं कधी चाळून पाहत नव्हता. सगळ्यांनी ऐकलं आहे, आता काय पाहायचं, असं तुमचं म्हणणं.

अर्ज पहिल्या चाळणीत टिकला. तोंडी बोलण्यासाठी वर्ध्याला बोलावणं आलं. आत फक्त संस्थेच्या अध्यक्षांना, म्हणजे तुम्हाला घेतलं, मी बाहेर बाकावर बसले. तुम्ही अर्ध्या तासानं बाहेर आलात तेव्हा तळहात पदराला पुसत होता. "तिघं जनं होते. काय इचारलं अन मी काय बोलली, मलेच आठोत नाई. आपल्या लेकरायचं सांगतलं, बाकी राम जाने." बसस्टँडवर आपण आलूबोंडे खाल्ले. तुम्ही तीन खाल्लेत. इतक्या घाबरल्या होतात.

मदत मंजूर झाली, तीन वर्षांची. गोठ्याला फरशी झाली, मग निधीची माणसं पाहायला आली. त्यांच्यात एक वयस्क बाई होत्या, फार मायेच्या. पाहुणे येणार म्हणून सगळं गाव जमलेलं. इंदूची सासूसुद्धा आली होती, नवं लुगडं नेसून, सुनेचं काम पाहायला. चहा झाला. त्या बाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तुमच्या गावातली ती आई, जिची मुलगी धुऱ्यावर फवारणीच्या डब्याचं झाकण तोंडात घालून गेली, ती इथं आहे का? मला काही विचारायचं नाही. फक्त तिचा हात हातात घ्यायचा होता."

असं गावात कुणाचं झालं, हेच बायांना ठाऊक नव्हतं. तुम्ही म्हणालात, "नाई जी, आपल्या गावात असं नाई झालं." इंदूच्या खांद्यावर एक लेकरू झोपलेलं होतं. तिनं ते सावकाश पाळण्यात ठेवलं, त्याच्यावर पांघरूण घातलं आणि ती चालत अंगणाबाहेर गेली. तिनं तसं जायला नको होतं. पण ती दुसरं काय करणार होती? सासू तिच्या पाठीकडे पाहत होती. मी सासूकडे पाहत होते. तिला कळत गेलं ते मला दिसलं.

आठ दिवसांत इंदूला आष्टीकडच्या माहेरी नेऊन सोडलं. लेकीला मारून वर खोटं बोलली, असं सासू दारात उभी राहून सांगायची.

पाहुणे गेले त्या संध्याकाळी तुम्ही दुकानात आला होता. गिऱ्हाईक नव्हतं. तुम्ही फळीला हात टेकून उभ्या राहिलात.

"सूनबाई, कागदात होतं काय हे?"

मी म्हटलं, "नाही."

एवढंच. त्यापेक्षा मोठं खोटं मला बोलावं लागलं नाही. तुम्ही मान खाली घातलीत. "मंग मीच बोलली. तिथं त्या तिघायसमोर. भेव वाटला अन तोंडून निघून गेलं." मी ते खोडलं नाही. फाईल माझ्याच कपाटात होती. तुम्ही ती कधी मागितली नाहीत.

तुम्ही आष्टीला गेलात. परत आल्यावर काय झालं ते सांगितलं नाहीत, एवढंच म्हणालात, "नाई बोलत ते. बरोबर हाये तिचं."

त्यानंतर तुम्ही कुठल्याही मुलाखतीत तोंड उघडलं नाहीत. किती निधी, किती न्यास, किती खोल्यांमध्ये आपण गेलो! तुम्ही माझ्याशेजारी हात जोडून बसायच्या आणि कुणी विचारलं की माझ्याकडे बोट दाखवायच्या. "हे सांगन." लोकांना वाटे, अध्यक्ष साध्या आहेत, बुजतात. अंगणभर बायांना हसवणारं तुमचं बोलणं त्यांनी ऐकलंच नाही. आणि अर्ज वाचून दाखवायची रीत तुम्ही आणखी कडक केलीत. संगणक आले, मुदती कमी झाल्या, मी कुरकुर करायची, तर तुम्ही म्हणायच्या, "कागद बरा, सूनबाई. कागद साऱ्याहिनं आयकला असते. तोंडाचा भरोसा नाई." तुम्ही हे म्हणायच्या आणि मी पुढचं पान उलटायची. त्यानंतर एकही पान मी गाळलं नाही. त्यानं काय होतं?

असं नव्हे की तेवढंच होतं. तुमच्यामुळे मी त्या दुकानाबाहेर पडले, माणसांत बसायला शिकले. माझ्या मुलीला ताप असायचा तेव्हा तुम्ही तिला पायावर घेऊन बसायच्या आणि मी अर्ज लिहायचे. बायांनी खोडून खोडून माझी भाषा सरळ केली. आज जे चार शब्द मला नीट लिहिता येतात ते त्या अंगणातले आहेत. मी तुम्हाला हेसुद्धा कधी सांगितलं नाही. सांगायला गेले असते तर त्याच्यामागून ते दुसरं आलं असतं, म्हणून दोन्ही राहिलं.

शेवटी सावंगीला, दवाखान्यात, मी दुपारी तुमच्याजवळ असायची. तुमचा आवाज बसला होता. तुम्ही म्हणालात, "इंदू आली तं तिले बसाले सांगजो. उभी नको ठेवजो." खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मला कुणी अडवलं नाही. मी संत्रं सोलत होते, सोलत राहिले. एक एक फोड साफ करून बशीत ठेवली. तुम्ही त्यातली एकच खाल्लीत.

तेरवीला इंदू आली नाही. मी वाट पाहिली. मग फाईलमधून ते चौथं पान काढलं, पिशवीत ठेवलं आणि आठवडी बाजाराच्या दिवशी वर्धा, आर्वी करत आष्टीला गेले. ती बाजारात भाजी घेऊन बसते असं कळलं होतं. कोथिंबिरीच्या जुड्या आणि वांगी मांडून बसली होती. केस पांढरे झाले आहेत तिचे. तिनं मला लगेच ओळखलं.

"तुमी इकडं कशा?"

मी सांगितलं की ताई गेल्या. तिच्या हातातली जुडी तशीच राहिली. "कवा?"

"महिना होईल."

"कोनी सांगतलं नाई मले."

मग मी तिला सगळं सांगितलं. उभ्यानंच, दोन गिऱ्हाइकांच्या मधे. ताई बोलल्या नव्हत्या, मी लिहिलं होतं. ताईंना ते माहीत नव्हतं. मी त्यांना नाही म्हटलं होतं. ती ऐकत होती आणि वांगी उगाच सारखी करत होती.

"काय लिवलं होतं?"

"कागद आणला आहे."

"वाचा."

मी तिच्या पोत्यावर बसले आणि वाचलं. बाजूला एक माणूस लसणाचा भाव ओरडत होता. मला ते पान पाठ होतं, तरी वाचताना जड गेलं. जी वाक्यं मला चांगली वाटली होती, ती एकेक करून ऐकवत नव्हती. 'चिमुकला जीव', 'काळाची झडप'. इंदू शेवटपर्यंत माझ्याकडे पाहत होती.

"नाव नाई घातलं तुमी."

"तुझं नाव कळू नये म्हणून नाही घातलं."

"माह्यं नाई म्हनत. तिचं. मंदा होतं तिचं नाव. नाव तेवढं नाई लिवलं. बाकी सारं लिवलं."

मी माफी मागितली. तिनं एका गिऱ्हाइकाला वांगी तोलून दिली. पैसे घेतले आणि म्हणाली, "ताई आलती इथं. माह्या भावाच्या अंगनात, साऱ्यासमोर माह्या पायावर डोक्सं ठेवलं होतं तिनं. मी पाय वढून घेतला. डोक्सं जमिनीले लागलं तिचं." आणि मग, "हे मी आता कोनाले सांगू, बाई?"

ताई, मी तिथं माझं ओझं उतरवायला गेले होते. ते तिच्या डोक्यावर ठेवून आले. मला सुचलं नाही, मी सांगितलं की तुम्ही तिला बसायला सांगा म्हणाला होता. तेव्हा ती रडली.

निघताना मी विचारलं की मला ताईंवर लिहायला सांगितलं आहे, त्यात यातलं काही लिहू का. सासू केव्हाच गेली, नवऱ्यानं दुसरं घर केलं, आता कोणापासून लपवायचं, असं ती म्हणाली. "लिवा. पन ताई नोती बोलली हे लिवजा. तुमी लिवलं होतं हे लिवजा. अन मंदाचं नाव घालजा." म्हणून हे असं लिहिलं आहे. तिच्या भाच्यानं हे तिला वाचून दाखवलं. तिनं दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली आहेत.

येत्या शनिवारी इंदू गावात येणार आहे. ताईंच्या घरी जाईन, गोठ्यात जाईन, थोडा वेळ एकटी बसेन, असं तिनं कळवलं आहे. तुमच्या मुलानं घर झाडून ठेवलं आहे. मी तिला बसस्टँडवर घ्यायला येऊ का, असं विचारलं होतं.

"नाई," ती म्हणाली. "तुमी नका येऊ त्या दिवशी."

मी येणार नाही, ताई.